चेहरा बदलला, लेखणीचे काय?

भविष्यकाळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आपल्या चळवळीत अजून नीट विचारला गेलेला नाही. भूतकाळ कोणी लिहिला, हे आपण विचारले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून अवतारकथांची उलटतपासणी केली, तेव्हापासून पुराणांवरची आणि इतिहासावरची मक्तेदारी आपण मान्य केलेली नाही. वर्तमान आपण कवितेतून, कथेतून, आत्मकथनांतून मांडला. पण उद्याच्या माणसाचे, उद्याच्या नगराचे आणि उद्याच्या सत्तेचे चित्र कोण काढतो? त्या चित्रात आपण कोठे आहोत? असलो तर कोणाच्या मर्जीने आहोत? याबद्दल आपली समीक्षा बहुधा गप्प असते. विज्ञानकथा म्हणजे सुखवस्तू पोरांची करमणूक, असे म्हणून आपण ती बाजूला सारतो. वणीसारख्या गावात, सप्तशृंगीच्या पायथ्याशी शिकणाऱ्या मुलाच्या हातात आज मोबाईल आहे आणि त्यावर साऱ्या जगातल्या मालिका येतात. त्या मालिका त्याला सत्तेबद्दल आणि माणसाबद्दल काय शिकवतात, हे पाहणे शिक्षकाचे आणि कार्यकर्त्याचेच काम आहे. म्हणून येथे एका परदेशी विज्ञानमालिकेची चर्चा मुद्दाम करीत आहे.

ही मालिका म्हणजे ब्रिटनच्या बीबीसीची ‘डॉक्टर हू’. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. १९८९ मध्ये ती बंद पडली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ पासून पुन्हा सुरू झाली. तिचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा प्रवासी आहे. बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळाच्या मागेपुढे फिरतो आणि जेथे जाईल तेथे दुबळ्यांच्या बाजूने उभा राहतो. निदान मालिकेचा दावा तरी तसा आहे.

पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल १९६६ साली प्रकृती ढासळल्यामुळे ही भूमिका पुढे चालवू शकेना. तेव्हा निर्मात्यांनी एक युक्ती काढली. मरणाच्या दारात पोचलेला डॉक्टर आपले शरीर बदलतो. चेहरा नवा, आवाज नवा, स्वभावही थोडा नवा. पण स्मृती आणि ओळख तीच. याला पुनर्जन्म म्हणण्याचा मोह कोणाला होईल, पण तो टाळावा. पुनर्जन्माच्या कल्पनेत मागल्या जन्मीच्या कर्माचा हिशेब असतो आणि त्या हिशेबाच्या वहीनेच आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर बसवले. येथे तसला हिशेब नाही. हा निव्वळ कायापालट आहे. पॅट्रिक ट्रॉटन दुसरा डॉक्टर झाला आणि तो हार्टनेलसारखा दिसत नव्हता, वागत नव्हता, बोलत नव्हता. प्रेक्षकांनी त्याला स्वीकारले.

या युक्तीतच आपल्या चर्चेचे मूळ आहे. ज्या पात्राला ठरावीक चेहरा नाही, ठरावीक वय नाही, ज्याला दोन हृदये आहेत, जे माणूसच नाही, त्या पात्रासाठी कोणताही नट चालायला हवा. वयाच्या बाबतीत तसे झालेही. हार्टनेल सुरुवातीला पंचावन्न वर्षांचा होता. मॅट स्मिथची निवड झाली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पण १९६६ पासून २०१७ पर्यंत जेवढे म्हणून मुख्य डॉक्टर निवडले गेले, ते सर्व गोरे आणि सर्व पुरुष! म्हणजे पात्राच्या शरीराला कोणतीही सीमा नव्हती, सीमा निवडणाऱ्याच्या मनात होती. आणि मनातली सीमा ही नेहमी ‘स्वाभाविक’ या नावाने वावरते. आपल्याकडे तिला ‘परंपरा’ म्हणतात, भरतीच्या कचेरीत तिला ‘गुणवत्ता’ म्हणतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. या मालिकेचा जन्म प्रस्थापितांच्या हातून झाला, असे सरसकट म्हणता येत नाही. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट ही सत्तावीस वर्षांची तरुणी होती आणि बीबीसीच्या नाट्यविभागात त्या वेळी दुसरी स्त्री निर्माती नव्हती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा १९३८ साली लखनौत जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. पुरुषांच्या आणि गोऱ्यांच्या त्या कचेरीत हे दोघेही उपरे होते. उपऱ्यांनी उपऱ्या नायकाची कथा उभी केली, ही घटना लहान नाही.

पण उपऱ्याच्या हाती एक खुर्ची आली म्हणून घराची रचना बदलत नाही. १९६४ साली याच वारिस हुसेनने ‘मार्को पोलो’ या कथेचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले. तिच्यात कुब्लाई खानाची भूमिका मार्टिन मिलर या गोऱ्या नटाने केली. १९७७ साली ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ या कथेत चिनी जादूगाराची भूमिका जॉन बेनेट या इंग्रज नटाने डोळ्यांना रंगभूषा करून केली. पात्र पूर्वेचे, पोट भरले पश्चिमेचे. हे वाचून आपल्याला नवल वाटू नये. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ मधली अस्पृश्य मुलगी देविका राणीने रंगवली, १९५९ च्या ‘सुजाता’ मधली नूतनने. त्या अभिनेत्रींच्या कसबाला उणे लेखण्याचे कारण नाही. प्रश्न कसबाचा नाहीच. आमचे दुःख पडद्यावर चालते, मग आमचा चेहरा का चालत नाही, हा प्रश्न आहे.

२००५ साली मालिका परतली ती रसेल टी. डेव्हिस या लेखकाच्या नेतृत्वाखाली. आता मुख्य लेखक हाच मालिकेचा सूत्रधार झाला. कथेची दिशा त्याने ठरवायची, लेखक त्याने निवडायचे, नायकाच्या निवडीतही त्याचा शब्द मोठा. डेव्हिसनंतर २०१० पासून स्टीव्हन मॉफॅट, २०१८ पासून ख्रिस चिबनॉल आणि २०२३ पासून पुन्हा डेव्हिस, असा हा क्रम आहे. नायकांचे चेहरे या काळात किती बदलले ते पाहा: एक्लस्टन, टेनंट, स्मिथ, कपाल्डी, मग जोडी व्हिटेकर ही स्त्री, मग न्कुटी गाटवा हा रवांडात जन्मलेला कृष्णवर्णीय तरुण. आणि सूत्रधारांचे चेहरे पाहा: चारही वेळा गोरा पुरुष. डेव्हिस स्वतः समलिंगी आहे आणि त्या उपेक्षेची जाण त्याच्या लेखनात उतरली आहे, हे मान्य. पण पडद्यावरचा बदल आणि पडद्यामागचा बदल यांचा वेग एक नाही, हे या दोन याद्या शेजारी ठेवल्या की उघड दिसते.

चेहरा बदलल्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे चिबनॉलच्या २०१८ च्या पहिल्याच पर्वात दिसून आले. जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर. तिचा पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे एक कोटी नऊ लाख लोकांनी पाहिला. या पर्वात मॅलोरी ब्लॅकमन या कृष्णवर्णीय लेखिकेने चिबनॉलबरोबर ‘रोझा’ हा भाग लिहिला. त्यात डॉक्टर १९५५ च्या मॉन्टगोमेरीत जाते, जेथे रोझा पार्क्स बसमधली जागा सोडायला नकार देणार आहेत. दूरच्या भविष्यातून आलेला एक वर्णद्वेष्टा तो प्रसंग घडूच नये म्हणून खटपट करतो. शेवटी डॉक्टरला आणि तिच्या गोऱ्या सोबत्याला बसमध्ये बसून राहावे लागते, कारण बस भरली तरच रोझाला उठवले जाईल. मदतीला आलेल्या सहृदय माणसालाही अन्यायाच्या रचनेत एक जागा अडवूनच बसावे लागते! गोऱ्या सहानुभूतीची इतकी कठोर तपासणी लोकप्रिय मालिकेत क्वचित आढळते. लेखणीत त्या अनुभवाची धार असली म्हणजे असे प्रसंग सुचतात.

त्याच पर्वात विनय पटेल या लेखकाचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग आहे. ऑगस्ट १९४७, पंजाब, हिंदू तरुण आणि मुसलमान तरुणी यांचे लग्न, आणि त्या लग्नाच्या आड येणारा नवऱ्याचाच भाऊ. परग्रहावरून आलेले जीव येथे मारेकरी नाहीत. एकाकी मरणाऱ्यांच्या मरणाला साक्षी राहणे हे त्यांनी व्रत म्हणून पत्करले आहे. खरा मारेकरी घरातलाच निघतो. ब्रिटिश प्रेक्षकांना फाळणीची जखम दाखवणारी ही कथा मोलाची आहे. मात्र आपल्या वाचकाला तिच्यातली एक पोकळी जाणवल्यावाचून राहणार नाही. पंजाबचे खेडे आहे, शेती आहे, धर्म आहे. जातीचा प्रश्न मात्र कथेत येत नाही. परदेशी प्रेक्षकाला भारत समजावताना जात पहिल्यांदा गळून पडते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आणि त्याच पर्वात, या दोन्हींच्या पाठोपाठ, ‘कर्ब्लॅम!’ हा भाग आला. एका प्रचंड माल-पोचवणाऱ्या कंपनीचे गोदाम, यंत्रांचे राज्य, पायाला भिंगरी लावून राबणारे मोजके कामगार. कथा कामगारांच्या पिळवणुकीवर आहे असे वाटत असतानाच खलनायक निघतो तो एक कामगार. यंत्रांमुळे माणसांचे काम गेले म्हणून तो घातपात करू पाहतो. कंपनी मात्र टिकते, आणि व्यवस्था वाईट नसते, तिचा वापर करणारे वाईट असतात, अशा अर्थाचा निवाडा खुद्द डॉक्टर देते. ज्या पर्वाने पहिली स्त्री नायिका दिली त्याच पर्वाने गोदामाच्या मालकाला निर्दोष सोडले! व्यवस्था निर्दोष आणि माणसे तेवढी दोषी, हे तत्त्वज्ञान आपण चातुर्वर्ण्याच्या समर्थकांकडून पुष्कळदा ऐकले आहे. वर्णव्यवस्था मुळात चांगलीच होती, पुढे लोकांनी ती बिघडवली, असे ते म्हणत. नायकाचे लिंग बदलले, पण नायकाने कोणाची बाजू घ्यावी हे ठरवणारी दृष्टी बदलली नाही, म्हणजे काय होते ते येथे पाहावे.

चिबनॉलची सर्वांत मोठी उलथापालथ १ मार्च २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या भागात आहे. डॉक्टरचा जो उच्चकुलीन, सामर्थ्यवान समाज, त्याची कायापालटाची शक्ती मुळात त्याची नव्हतीच. कोठून तरी आलेल्या एका अनाथ मुलीच्या शरीरावर प्रयोग करून ती मिळवली गेली, आणि पुढे त्या मुलीची स्मृती पुसून टाकली गेली. ती मुलगी म्हणजेच डॉक्टर. त्याआधी काही आठवडे जो मार्टिन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने डॉक्टरचे असे एक रूप साकारले होते, जे डॉक्टरला स्वतःलाच आठवत नव्हते. श्रेष्ठांचे वैभव कनिष्ठाच्या शरीरातून काढून घेतलेले आहे आणि त्याची नोंद खोडलेली आहे, हा विचार फुल्यांच्या वाचकाला सहज ओळखीचा वाटेल. अनेक जुने प्रेक्षक या भागावर चिडले. मांडणी विस्कळीत आहे, लांबलचक निवेदनाने ती मारली आहे, हा त्यांचा आक्षेप खरा आहे. पण पुष्कळांचा राग मांडणीवर नव्हता. मूळपुरुषाची कथा बदलली, याचा तो राग होता. मूळपुरुषाच्या कथेला हात लावला की कोणत्याही देशातला सनातनी एकाच आवाजात ओरडतो.

आता न्कुटी गाटवाकडे येऊ. त्याचा जन्म १९९२ साली किगालीत झाला. १९९४ च्या नरसंहाराच्या वेळी त्याचे कुटुंब रवांडातून निसटले आणि तो स्कॉटलंडमध्ये वाढला. २०२२ साली त्याची निवड जाहीर झाली. पण पडद्यावर त्याचे आगमन कसे झाले पाहा. व्हिटेकरनंतर आधी डेव्हिड टेनंट हा पूर्वीचा लोकप्रिय डॉक्टर परत आणला गेला. मग ९ डिसेंबर २०२३ च्या भागात त्याच्या शरीरातून गाटवाचा डॉक्टर वेगळा झाला आणि टेनंटचा डॉक्टर तसाच शिल्लक राहिला, यानासकट. तोवर प्रत्येक जुन्या डॉक्टरला नव्यासाठी पूर्णपणे नाहीसे व्हावे लागत होते. कृष्णवर्णीय नट गादीवर आला तेव्हाच नेमकी जुन्या धन्याने गादी सोडली नाही! कथेत याला प्रेमळ कारण दिले आहे: थकलेल्या माणसाने आता विसावा घ्यावा. निर्मात्याच्या हेतूवर शंका घेण्याची गरजही नाही. पण ज्या गावात राखीव जागेवरचा सरपंच खुर्चीत बसतो आणि माजी सरपंच ओसरीवर बसून ग्रामपंचायत चालवतो, त्या गावच्या माणसाला हे दृश्य वेगळे काही सांगून जाते.

तरीही गाटवाच्या पर्वात असे काही घडले, जे त्या चेहऱ्यावाचून घडले नसते. १ जून २०२४ चा ‘डॉट अँड बबल’ हा डेव्हिसने लिहिलेला भाग घ्या. श्रीमंतांच्या तरुण मुलांची एक वसाहत आहे. डोक्याभोवती चित्रांचा फुगा लावून ती मुले आपसात बोलत राहतात, आणि बाहेर राक्षसी किडे त्यांना एकेक करून गिळत असतात. डॉक्टर त्यांना सावध करतो, मार्ग दाखवतो. शेवटी उरलेल्यांना तो आपल्या यानातून सुरक्षित नेण्याची विनवणी करतो. ती मुले नकार देतात. तो त्यांच्यातला नाही, त्याच्याबरोबर जाणे म्हणजे बाटणे, असा त्यांचा भाव आहे. मरण पत्करतील, पण त्याचा हात धरणार नाहीत. त्या क्षणी प्रेक्षकाला उमगते की या वसाहतीत आपण आतापर्यंत पाहिलेला एकूण एक चेहरा गोरा होता आणि आपल्या ते लक्षातही आले नव्हते. डॉक्टर हताशपणे ओरडतो, रडतो, आणि ते जातात.

पाणी हवे आहे, पण ओंजळीत पाणी ओतणारा हात नको, ही वृत्ती आपण जन्मापासून ओळखतो. विटाळाची कल्पना माणसाच्या प्राणापेक्षा कशी मोठी होते, हे इतक्या थोडक्यात दाखवणारी कथा विज्ञानमालिकांत दुर्मीळ आहे. आणि येथे पात्रनिवडीचा सिद्धान्त स्पष्ट होतो. हेच संवाद मॅट स्मिथच्या तोंडी घातले असते तर ही मूर्ख श्रीमंत पोरांची गोष्ट झाली असती. गाटवाच्या शरीरामुळे ती अस्पृश्यतेची गोष्ट झाली. नटाचा चेहरा हा कथेवर चढवलेला रंग नसतो, तो आशयाचाच भाग असतो. ‘कोणीही केले तरी काय फरक पडतो, चांगला नट हवा’ असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. फरक पडतो.

१० मे २०२५ चा ‘द स्टोरी अँड द इंजिन’ हा भाग त्याही पुढे जातो, कारण येथे लेखणीही बदलली आहे. तो लिहिला नायजेरियात जन्मलेल्या इनुआ एलम्स या कवी-नाटककाराने. कथा लागोसमधल्या एका केशकर्तनालयात घडते. या काळ्या शरीरात आल्यापासून जगात काही ठिकाणी आपल्याला परके मानले जाते, पण येथे आपल्याला आपले मानतात, अशी डॉक्टरची भावना त्यात व्यक्त होते. न्हाव्याचे दुकान हे आपुलकीचे ठिकाण! आपल्याला हे वाचून थांबावे लागते. न्हावी केस कापीत नसे म्हणून लहान भीमरावांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. जे दुकान एका समाजाला आसरा वाटते, त्याच दुकानाच्या पायरीवर दुसऱ्या समाजाला अडवले गेले. म्हणजे काळ्यांचा अनुभव आणि आपला अनुभव यांची सांगड घालताना जपून घातली पाहिजे. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून नाव आणि स्फूर्ती घेतली; कथा मात्र आपल्या गल्लीतलीच लिहिली.

३१ मे २०२५ च्या भागात गाटवाचा डॉक्टर संपला. दोन पर्वे, आणि त्याच्या जागी बिली पायपर या मालिकेतल्या जुन्या, ओळखीच्या अभिनेत्रीचा चेहरा प्रकट झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेने मालिकेतली भागीदारी पुढे चालवायची नाही हे जाहीर झाले. मग चहूकडून निदान सुरू झाले. प्रेक्षक घटले, कारण स्त्री आणली. प्रेक्षक घटले, कारण काळा आणला. समतेचा अतिरेक झाला म्हणून मालिका बुडाली.

या निदानाची थोडी तपासणी करू. १९८५ साली बीबीसीने ही मालिका दीड वर्ष स्थगित ठेवली. १९८६ साली कॉलिन बेकर या डॉक्टरला काढून टाकले. १९८९ साली ती बंदच केली. त्या वेळी डॉक्टर गोरा होता, पुरुष होता, निर्माता जॉन नेथन-टर्नर गोरा होता, पुरुष होता. पडझड झाली तेव्हा कोणी असे म्हटले काय, की गोऱ्या पुरुषांना ही भूमिका जमत नाही, यापुढे त्यांना घेऊ नये? नाही. कोणी निर्मात्याला दोष दिला, कोणी बीबीसीच्या अधिकाऱ्यांना, कोणी कथांना, कोणी अपुऱ्या पैशाला. तो पराभव व्यक्तीचा राहिला. स्त्रीचा वा काळ्याचा पराभव मात्र साऱ्या जातीचा ठरतो. २०१८ साली व्हिटेकरला पाहायला कोटभर लोक आले होते. नंतर ते ओसरले, तर चिबनॉलच्या कथांचा दोष तपासावा. घराघरातला दूरदर्शन संच पाहण्याची सवयच मोडत चालली आहे, तेही लक्षात घ्यावे. पण सोपा आरोपी समोर असताना एवढे कष्ट कोण घेणार? कचेरीत राखीव जागेवर आलेल्या एकाची चूक झाली की ‘त्यांचे असेच’ म्हणतात. इतरांची चूक झाली की ‘तो तसाच’ म्हणतात. अनेकवचन आणि एकवचन यांच्यातला हा फरक म्हणजेच जातीचे व्याकरण.

पण दुटप्पीपणा दाखवून आपले काम संपत नाही. आपल्याला त्याच्या मुळाशी जायला हवे. प्रतिनिधी कोणाचा, हे त्याच्या जातीवरून ठरते की त्याला निवडणाऱ्यावरून? बाबासाहेबांनी हा प्रश्न १९३२ मध्येच विचारला होता. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारात जागा वाढून १४८ झाल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे गेली. जागा वाढल्या आणि निवड हातची गेली. चेहरा आमचा, पण तो कोणता असावा हे बहुसंख्यांनी ठरवायचे. याचा परिणाम काय झाला, ते बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात काँग्रेसचा हिशेब मांडताना दाखवले आणि कांशीरामांनी १९८२ साली ‘चमचा युग’ या पुस्तकात त्याची फोड केली. ‘डॉक्टर हू’ मधली पात्रनिवड ही सांस्कृतिक संयुक्त मतदारसंघाचीच रीत आहे. गाटवाला निवडणारे हात चांगले होते, हेतू चांगला होता. पण जे दुसऱ्याच्या चांगल्या हेतूने मिळते ते दुसऱ्याचा हेतू बदलला, किंवा त्याच्या तिजोरीवरचा धनी बदलला, की जाते. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक हाच.

दुसऱ्या एका दीर्घ विज्ञानमालिकेने हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या मालिकेत एव्हरी ब्रूक्स हा कृष्णवर्णीय नट अवकाशस्थानकाचा प्रमुख होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘फार बियाँड द स्टार्स’ या भागात तो १९५० च्या दशकातल्या न्यूयॉर्कचा काळा विज्ञानकथाकार होतो. वाचकांना लेखकांची छायाचित्रे हवी असतात, तेव्हा त्या दिवशी उशिरापर्यंत झोपून राहा असे त्याला सुचवले जाते. तो काळ्या कप्तानाची कथा लिहितो. ते सारे स्वप्न होते असे दाखवले तर छापू, अशी तडजोड होते. तो तीही पत्करतो. तरी मालक सगळा अंकच नष्ट करतो. काळ्या माणसाचे भविष्य स्वप्न म्हणूनही परवडत नाही! हे निव्वळ कल्पित नव्हे. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाने स्वतः लिहून ठेवले आहे की त्याची ‘नोव्हा’ ही कादंबरी जॉन कॅम्बेल या प्रख्यात संपादकाने परत केली, कारण काळा नायक आपल्या वाचकांना पचणार नाही असे त्याचे मत होते.

आपल्या मराठी विज्ञानकथेतली एक गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा डॉ. जयंत नारळीकरांची होती; आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. ही त्यांची सचोटी होती. पण विचार करा: एका लेखकाला नाव लपवावे लागते कारण ते नाव फार जड आहे, आणि दुसऱ्याला चेहरा लपवावा लागतो कारण तो चेहरा चालत नाही. एकाचे लपणे ऐच्छिक, दुसऱ्याचे सक्तीचे. आडनाव विचारून खोली भाड्याने देणाऱ्या शहरात शिकायला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे अधिक फोडून सांगावे लागणार नाही.

मग पडद्यावरची जागा मागणे व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. याचे उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या संघटनेचा भार ज्यांनी वाहिला ते दादासाहेब गायकवाड आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आपली भूमिका स्पष्ट केली: अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून, किंवा देवळात गेल्याने ते समान होतील म्हणून हा लढा काढला नव्हता, आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, त्यांच्यात चैतन्य यावे, म्हणून काढला होता. ते काम झाले, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली.

दुसऱ्याच्या मालिकेत आपल्या रंगाचा नायक मागणे हा काळारामाचा टप्पा आहे. तो आवश्यक आहे, कारण दार कोणी बंद ठेवले आहे हे दार ठोठावल्याशिवाय कळत नाही. ‘डॉट अँड बबल’ने ते दार किती जाड आहे हे दाखवले. पण दारातच आयुष्य काढायचे नसते. येवल्याचा टप्पा म्हणजे स्वतःची लेखणी, स्वतःचा कॅमेरा, स्वतःचा निर्माता. मराठी पडद्यावर नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त हे करून दाखवले. तेथे सोमनाथ अवघडे हा जब्या झाला आणि दिग्दर्शकाच्या जागी त्या अनुभवातूनच आलेला माणूस होता. म्हणून त्या चित्रपटाचा शेवटचा दगड थेट प्रेक्षकावर येतो. दुसऱ्याने लिहिलेल्या कथेत तो दगड बहुधा हवेतच थांबला असता. जब्बार पटेलांच्या चित्रपटात मामुट्टी या मल्याळी नटाने बाबासाहेब उभे केले आणि आपण ते मनापासून स्वीकारले, तेव्हा चेहऱ्याच्या जन्मदाखल्याचा हट्ट आपण कधी धरलेला नाही. आपला हट्ट दृष्टीचा आहे आणि त्या दृष्टीला निर्णयाचा अधिकार असण्याचा आहे.

विज्ञानकथेच्या प्रांतात मात्र आपली लेखणी अजून फारशी उतरलेली नाही. बंगालच्या मिमी मंडल या दलित लेखिकेने इंग्रजीत हे काम केले आहे. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेवरच्या तिने सहसंपादित केलेल्या ग्रंथाला २०१८ साली ह्यूगो पारितोषिकाचे नामांकन मिळाले. मराठीत ही वाट रुंद व्हायला हवी. आपल्याकडे सामग्रीचा तुटवडा नाही. गटारात माणूस उतरवणारा देश चंद्रावर यान उतरवतो, ही विज्ञानकथेची पहिली ओळ कोणी लिहायची? मंगळावर वसाहत झाली तर तिथले मैले कोण उपसणार, पाणवठा कोणाचा असणार, हे प्रश्न नारळीकरांच्या परंपरेतल्या सज्जन लेखकाला सुचणार नाहीत. ते ज्याला सुचतील त्याने लिहावे. आपल्या नियतकालिकांनी कवितांना जितकी पाने दिली, त्यांतली काही अशा कथांना द्यावीत. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना शिक्षकांनी केवळ प्रयोगवही न मागता एक कथाही मागावी.

डॉक्टरचा चेहरा पुन्हा बदलेल. कदाचित गोरा होईल, कदाचित नाही. त्यावर आनंद किंवा खेद करण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे: या वेळी निवडणारा कोण होता, लिहिणारा कोण होता, आणि कथा बंद करण्याचा अधिकार कोणापाशी होता? ही तीन नावे बदलत नाहीत तोवर चौथ्या नावाच्या बदलाला आपण क्रांती म्हणू नये.